रंग म्हणजे नुसता ‘कलर’ नव्हे

महोदय,

नातवाच्या चाचणीत ‘रंग’ शब्दाचा अर्थ विचारला होता. त्याने ‘नाटकाची जागा’ लिहिले. बाईंनी फुली मारली! अहो, मग रंगभूमी, रंगमंच, रंगपट हे शब्द आले कुठून? संस्कृतातही रंग म्हणजे नाट्यस्थान. आमच्या फोंड्याकडे जत्रेच्या रात्री देवळामागे नट डोळे मिटून तोंडाला रंग लावून घेतो, मग पहाटेपर्यंत नाटक रंगते. प्रॉम्प्टरला डुलकी लागली की मात्र बेरंग. मंडपाबाहेर पत्ते कुटणाऱ्यांना विचारा, इस्पिक-बदाम हेही रंगच. (विडा रंगतो ते आणखी निराळे.) पोराला निदान अर्धा मार्क तरी द्यायचा होता.

– एक आजोबा, फोंडा