बंदूक हातात देणारा कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा राजवाड्यावर चहा पिताना पुन्हा अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या नरेंद्र दाभोलकर डॉक्टरांचा विषय निघाला, आपल्या साताऱ्याचाच माणूस ओ, कबड्डीचा पट्टीचा खेळाडू, 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर फिरायला गेलेले आणि गोळ्या घातल्या. कुणी म्हणतं बुवाबाजीचा धंदा बसत होता म्हणून, कुणी म्हणतं ते मागत होते त्या जादूटोणाविरोधी कायद्यापायी. पण त्या कायद्याचा वटहुकूम तर खुनानंतर काही दिवसांतच निघाला, मग मारून मिळवलं काय? मला तरी पैशापेक्षा विचारांचा रागच जास्त वाटतो, चुकत असेन तर सांगा. 2024 ला दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले, सूत्रधाराचं काय? चहावाला म्हणाला, कप धुऊन झाले तरी तुमचं बोलणं काय संपंना.

– एक वाचक, सातारा