झाड लहान होत नाही म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत विद्यार्थ्यांच्या जंगलातल्या इंटर्नशिपवर अर्धे पान खर्ची घातलेत, त्याबद्दल आभार. वाचून एवढेच कळले की वनस्पती परिस्थितिकीचे संशोधन म्हणजे पाखरांच्या किलबिलाटात काढलेली सहल आणि वर प्रमाणपत्र. मुले तिथे नेमके काय करतात याबद्दल लेखात एक ओळ नाही.

माझी भाची अशीच एक इंटर्नशिप करून आली. संस्थेचे नाव घेत नाही, तिला अजून शिफारसपत्र यायचे आहे. काम काय, तर आखून ठेवलेल्या प्लॉटमधल्या, टॅग ठोकलेल्या प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा. ऐकायला सोपे वाटते. टेप जमिनीपासून १.३ मीटरवर धरायची, उतार असेल तर ही उंची चढाच्या बाजूने घ्यायची. टेप तिरकी होता कामा नये, तिला पीळ पडता कामा नये, खोडावर वेल चढली असेल तर ती हलकेच उचलून खालून टेप सरकवायची. खोडाच्या बुडाशी आधार देणारी मुळे फुगली असतील तर त्यांच्या वर मोजायचे, आणि कुठे मोजले ते लिहून खोडावर रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे पुढचा माणूस त्याच जागी मोजेल. हे सगळे तिला शिकवले कोणी? आधीच्या तुकडीतल्या एका मुलाने, जेवता जेवता. मार्गदर्शक बैठकीत होते.

तर एका झाडाचा घेर मागच्या गणनेपेक्षा आठ मिलिमीटर कमी भरला. तिने पुन्हा मोजला, जोडीदाराकडून मोजून घेतला. तेवढाच. संध्याकाळी तिने हे मार्गदर्शकांच्या कानावर घातले. उत्तर मिळाले, ‘‘झाड कधी लहान होतं का? मागचा आकडा घे, त्यात थोडं वाढव आणि पुढे चल.’’

मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून सांगतो: कागदावर झाड लहान होते आणि खरोखरही होते. साल गळते. कोरड्या दिवसांत खोडातले पाणी कमी होऊन ते किंचित आक्रसते. मागच्या वेळी वेलीवरून टेप गेली असेल, किंवा पट्टा पुसट झाल्याने बोटभर वर-खाली मोजले गेले असेल. घेरातले आठ मिलिमीटर म्हणजे व्यासात अडीच. घनदाट जंगलाच्या सावलीतली कित्येक झाडे वर्षाला व्यासात जेमतेम मिलिमीटरभर वाढतात, तिथे हा फरक किरकोळ नाही. आणि मोजण्यातली चूक दोन्ही बाजूंनी होते. जास्त भरलेला आकडा कोणाला खटकत नाही, तो तसाच राहतो. कमी भरलेला मात्र ‘दुरुस्त’ होतो. असे करत गेलात की अख्खे जंगल कागदावर फुगते, आणि मग त्याच आकड्यांवरून या जंगलाने किती कार्बन शोषला याची भाषणे होतात.

पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टरांचा प्लॉट आहे. तिथे एक सेंटिमीटर जाडीपासून पुढचे प्रत्येक खोड मोजतात, अशी दोन लाखांहून जास्त खोडे आहेत. पहिली गणना १९८० च्या दशकाच्या आरंभी झाली, १९८५ पासून ती साधारण दर पाच वर्षांनी होते. तिथल्या लोकांनी काही झाडे मुद्दाम दुसऱ्यांदा मोजली, मोजणाऱ्याची चूक किती होते ते काढले आणि वजा वाढ किती असेल तर आकडा धरायचा, किती असेल तर गाळायचा, याचा नियम ठरवला. आमच्या भाचीला नियम मिळाला तो ‘थोडं वाढव’ एवढाच.

तिने वाढवला नाही. जो भरला तो लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘दोनदा मोजले’ असे टाकले. त्यानंतर तिची रवानगी खोलीत झाली. उरलेले सगळे दिवस आकडे संगणकात भरण्यात आणि सुकवलेल्या पानांची पाकिटे चिकटवण्यात गेले. मानधन अर्थातच नाही, ‘अनुभव मिळतो ना!’ अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान १९८७ पासून पदवीच्या मुलांना अशा कामासाठी रीतसर विद्यावेतन देते, पण ते जाऊ द्या. या आकड्यांवरचा शोधनिबंध छापून येईल तेव्हा आभाराच्या ओळीत निदान ‘इंटर्न’ हा शब्द तरी येतो का, ते बघू. नावाची अपेक्षा आम्ही सोडली आहे.

तुमच्या वार्ताहरांनी एखाद्या इंटर्नला शेजारी बसवून त्याची वही बघितली असती, तर यातले निम्मे तरी लेखात आले असते.

जाता जाता, लेखासोबतच्या फोटोबद्दल. खाली ओळ आहे, ‘दुर्मीळ रानफुले न्याहाळताना विद्यार्थी’. दुर्मीळ कसली, साहेब, ती घाणेरी आहे! एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुले, खरखरीत पाने, शंकाच नको. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतली, शोभेचे झुडूप म्हणून जगभर नेली आणि आता जिथे तिथे माजली आहे. तिच्या जाळीखाली जंगलाची स्वतःची रोपे धड वर येत नाहीत. ओळ लिहिण्याआधी फोटोतल्याच एखाद्या मुलाला विचारायचे होते. त्याने फुकट सांगितले असते, सवय असते त्यांना.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक