भाकरीपलीकडची माया

चि. माईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. तुझे कुत्र्याचे पिल्लू दिवसभर तुझ्या पायांत घुटमळते, पण त्याचा जीव तुझ्यावर नसून तुझ्या हातच्या भाकरीवर आहे, असे मैत्रिणीने म्हटल्यापासून तू बेचैन आहेस, हे वाचून सविस्तर लिहावेसे वाटले.

भाकरीपासून सुरुवात होते हे खरेच आहे. पण तान्ह्या लेकराची आईवरची माया तरी दुधापासूनच सुरू होते, आणि म्हणून तिला कोणी खोटी म्हणत नाही. कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे आई आणि लेकराला बांधणारे तेच संप्रेरक, वाढते, असे जपानी संशोधकांना २०१५ मध्ये आढळले. माणसांनी लहानाचे मोठे केलेल्या लांडग्यांत मात्र तसे घडले नाही. खाऊ घालणारा हात तिथेही होता, हे तुझ्या मैत्रिणीला अवश्य सांग.

मला खरी काळजी वाटते ती माणसाच्या बाजूची. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे दफन सापडले, आणि त्यात एका पुरुषाच्या व एका स्त्रीच्या अस्थींसोबत कुत्र्याच्या पिल्लाचीही हाडे होती. त्याच्या दातांवरील खुणांवरून ते डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाने कित्येक आठवडे आजारी असावे आणि कोणी शुश्रूषा केल्यावाचून इतके तगले नसते, असे अभ्यासकांचे मत आहे. त्या दुखणाईत पिल्लाचा शिकारीला काय उपयोग होता? तरीही कोणीतरी त्याच्या उशाशी बसले.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करून बैलाला जेवणाचे आवतन देतात. ती रीत मला फार प्रिय आहे, परंतु तिच्यात वर्षभराच्या कष्टांची उतराई असते. २०१३ च्या दुष्काळात बीड-उस्मानाबादकडच्या चारा छावण्यांत, शेतात काहीच काम उरले नसताना, जे शेतकरी दावणीशेजारीच मुक्कामाला राहिले, त्यांची माया मला त्याहून मोठी वाटते.

नरसीच्या नामदेवांची कथा तू लहानपणापासून ऐकली आहेस. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, यात लोकांना भक्ती दिसते. मला तिच्याइतकेच त्यांचे लक्षही दिसते. पोळी कोरडी आहे, हे कुत्रे सांगू शकत नव्हते, ते त्यांनी ओळखले. मुक्या जीवाला तक्रार करता येत नाही, आपला धनीही निवडता येत नाही, म्हणून ओळखण्याचे काम सर्वस्वी आपल्याकडे येते. तुझे पिल्लू खायचे सोडून कोपऱ्यात बसले, तर उद्या पाहू म्हणू नकोस.

डिस्टेंपरवर आज लस आहे. ती आणि रेबीजची लस कधी द्यायची, हे पशुवैद्यकाकडून लिहून घे, आणि दिवाळीला येताना पिल्लालाही सोबत आण. तुझी आई वाट पाहते आहे.

तुझे अण्णा