पाचव्या जगाला थोडं थांबव

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहायला बसले. तू फोन आपटलास असं मी म्हणत नाही. पण ठेवताना 'बरं, बघू' म्हणालास, आणि तुझं 'बरं, बघू' मी तू एवढासा होतास तेव्हापासून ऐकते आहे. आईचं ऐकायचं नाही, पण वादही घालायचा नाही, असा त्याचा अर्थ. बाबा म्हणाले, सोड आता, मोठा झालाय तो. सोडून बघितलं, जमलं नाही.

झोपेबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

तर मुद्दा तुझ्या नव्या जगाचा. बोटांनी जमीन वाचणारे आंधळे नकाशाकार, आणि दोरीला गाठी मारून केलेले त्यांचे नकाशे. खोटं कशाला सांगू, कल्पना झकास आहे. फोन ठेवल्यावर मी स्वतःच विचार करत बसले की गाठींनी चढ कसा दाखवतील. (जवळजवळ मारतील. नकाशातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जवळ आल्या की चढ खडा, तसंच.) पण तू म्हणालास, "आई, आता हेच, बाकी सगळं बाजूला." हेच तू खारट राज्याच्या वेळी म्हणाला होतास. मेलेल्यांची नावं विकणाऱ्या शहराच्या वेळी म्हणालास, दोन चंद्रांच्या किनाऱ्याच्या वेळीही. मधे ते पाऊस पडणं हा गुन्हा असलेलं एक होतं, ताईला फार आवडलेलं, ते तर नकाशापर्यंतसुद्धा पोचलं नाही. मी म्हटलं, आधी हातातलं एक तरी पुरं कर, तर म्हणे "पुरं करणं हा ऑफिसातला शब्द आहे." मला राग नाही आला. वाक्य चांगलं आहे, खारट राज्यातल्या तुझ्या त्या करवसुली अधिकाऱ्याच्या तोंडी घाल.

तुझी तक्रार मला समजते. एक गोष्ट लिहायला घेतली की चार येऊन उभ्या राहतात, आणि प्रत्येकीला वाटतं आपलाच नंबर पहिला. डोक्यात काहीच येत नाही म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यापेक्षा हे बरं. पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली आहे का? तू पाठवलेलं सगळं मी परत काढून वाचलं. खारट राज्य कुठे थांबलं? अधिकाऱ्याच्या मुलीला कळतं की बाप राजाचं मीठ चोरून गावात वाटतो, आणि तिला ठरवायचं असतं, सांगायचं की नाही. तिथे. नावं विकणारं शहर कुठे थांबलं? म्हातारी नवऱ्याचं नाव विकायला दुकानाच्या पायरीवर येते, तिथे. म्हणजे कोणाला तरी काहीतरी ठरवायची वेळ आली की तुला नवं जग सुचतं. आणि नव्या जगात अजून कोणाला काही ठरवायचं नसतं. तिथे नुसते डोंगर, राजवंश, जादूचे नियम आणि तीन तऱ्हेची कॅलेंडरं. म्हणून ते देखणं दिसतं.

लिहिताना जरा कठोर झालं. पण तूच म्हणतोस ना, आई वाचते तसं कोणी वाचत नाही.

तुला ती फुटणारी नदी आठवते? फरशीवर पालथा पडून नकाशा काढत होतास, जीभ बाहेर, कोपरापर्यंत निळी शाई. एक नदी डोंगरातून निघाली आणि मधेच दुभंगून दोन वेगळ्या समुद्रांना गेली. मी शाळेत करायचे तशी लाल पेन्सिल घेतली आणि म्हटलं, नद्या फुटत नाहीत, मिळतात. फुटतात त्या मुखापाशी, त्रिभुज प्रदेशात. तू विचारलंस, "कधीच नाही?" आता भूगोलाच्या बाईंना खोटं बोलता येतं का? सांगावं लागलं की व्हेनेझुएलात ओरिनोकोचं थोडं पाणी कॅसिक्वियारे नावाच्या फाट्याने निघून रिओ नेग्रोला, म्हणजे शेवटी ॲमेझॉनला जाऊन मिळतं. झालं! "मग माझी नदी तीच आहे." वर त्या फाट्यावर दोन राज्यांचं भांडण लावून दिलंस, पाणी कोणाचं म्हणून. माझी लाल खूण अजून त्या कागदावर आहे, आणि तिच्यावर तुझा किल्ला. मी तो कागद शाळेत नेऊन स्टाफरूममध्ये दाखवला होता, हे तुला कधी सांगितलं नाही.

तेव्हा तुझ्याकडे एकच नदी होती आणि ती तुला पुरत होती. आता बघ, दोन चंद्र आहेत तुझ्याकडे, आणि तू त्यांचं केलंस काय? नावं ठेवलीस आणि सोडून दिलंस. अरे, एक चंद्र वीस दिवसांत फेरी मारतो आणि दुसरा तीस दिवसांत, असं धर. साठ दिवसांनी दोघे आकाशात एका जागी येतील. पण एकमेकांच्या बरोबर विरुद्ध बाजूंना आले तरी पाणी तितकंच ओढतील, म्हणजे दर तीस दिवसांनी उधाण आणि मधल्या काळात भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. (सूर्य आहेच. आपल्याकडे त्याचा ओढा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो. तो तू नंतर मिळव, आत्ता त्यात शिरू नकोस, शिरशील आणि पहाट होईल.) उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं तसं सगळ्यात खालीही उतरतं. चढलं की एरवी कोरडी राहणारी वरची मिठागरं भरतील. उतरलं की एरवी न दिसणारी वाळूची वाट उघडी पडेल. मग राजाची करवसुली कधी? उधाणानंतर मीठ धरलं की. चोरीचं मीठ बाहेर कधी जाईल? वाट उघडी असेल तेवढ्या वेळात. आणि ती वाट दर वेळी सरकणार, वाळूच ती. मग अंधारात बोटांनी वाळू वाचणारं कोणीतरी लागेलच की.

खारट राज्य आणि दोन चंद्रांचा किनारा ही दोन जगं आहेतच कशाला? आणि नकाशाकारांना स्वतंत्र जग हवंय कशाला? त्यांना या वाटेवर उभं कर. मेलेल्यांची नावं मात्र यात घुसडू नकोस, ती म्हातारी वेगळी आहे, तिला तिची गोष्ट हवी.

बघ, मीही तेच करायला लागले. आता कळलं तुला वेळ कसा जातो ते. पण मी मधे उठून झोपायला गेले. तू जातोस का?

त्या इंग्रज लेखिका, ब्राँटी बहिणी, त्यांचं तुला ठाऊकच असेल, तरी सांगते. १८२६ साली वडिलांनी मुलासाठी लाकडी सैनिक आणले, आणि चारही भावंडांनी एकेक सैनिक उचलून त्यांचं राज्यच उभं केलं. आगपेटीएवढ्या वह्या, आत मुंगीसारखी अक्षरं. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांचं अँग्रिया, एमिली आणि ॲन यांचं गोंडाल. वर्षानुवर्षं चाललं हे. १८३९ च्या सुमारास शार्लटने अँग्रियाला निरोप दिला. लिहिलं की त्या तळपत्या मुलखातून काही काळ बाहेर पडायचंय, जिथे पहाट करडी आणि शांत उजाडते अशा थंड जागी जायचंय. १८४७ मध्ये तिची कादंबरी आली. एमिलीचं मात्र उलटं. १८४५ मध्ये, चांगली सव्वीस वर्षांची घोडी, ॲनबरोबर प्रवासाला निघाली तर वाटभर दोघी गोंडालमधली पात्रं होऊन बोलत होत्या. आणि तिचीही कादंबरी १८४७ चीच. म्हणजे खेळ सोडावाच लागतो असं काही नाही. भावाचं लिहीत नाही. ते तुला माहीत आहे.

एक सुचवू? नवीन काही आलं की त्याला वहीत एक पान दे. तारीख घाल, चार ओळी लिही आणि मीट. दोन गोष्टी करायच्या नाहीत: नाव ठेवायचं नाही आणि नकाशा काढायचा नाही. तुझं सगळं तिथून सुरू होतं. नाव ठेवलंस की तुझा जीव जडतो, आणि नकाशा काढलास की तू तिथे राहायलाच जातोस. महिन्याभराने वही उघड. जे तेव्हाही कुरतडत असेल त्याला विचार, चालू गोष्टीतलं कोण तुझ्यावाचून अडलंय? कोणी अडलं नसेल तर राहू दे पानावर, पळून जात नाही ते. रात्री काही सुचलं तर फोनवर दोन वाक्यं बोलून ठेव. दिवा लावू नकोस. लॅपटॉप तर अजिबात उघडू नकोस, तो उघडला की तीन वाजलेच.

भाषण झालं. माफ कर. माझ्या वर्गातली मुलं निदान मागच्या बाकावर डुलक्या तरी काढायची, तुला पूर्ण वाचावं लागतंय.

झोपेचं तर लिहूनच टाकते आता, नाहीतर ओळीओळीत डोकावत राहील. परवा तू फोनवर फार भराभर बोलत होतास. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं. आवाज आनंदी होता, म्हणूनच मला नीट वाटेना. अण्णाही असाच बोलायचा, आणि आम्ही सगळे कौतुकाने ऐकत बसायचो, की काय डोकं आहे पोराचं! त्याच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू असायचा, त्याचंही आम्हाला कौतुकच. तू अण्णा नाहीस. बाबा म्हणतात, प्रत्येक जागणारं पोर अण्णा नसतं, आणि ते खरंच आहे. माझ्या डोक्यालाही ते पटतं. पण कधी असं झालं की रात्री डोळा लागला नाही आणि तरी दुसऱ्या दिवशी थकवाच नाही, उलट अंगात बारा हत्तींचं बळ आहे, तर लिहीत बसू नकोस. मला फोन कर. मला नको असेल तर ताईला कर, आणि डॉक्टरकडे जा. मी पुस्तकाबद्दल एक अक्षर विचारणार नाही.

आणि हे वाचून असं समजू नकोस की मला तुझ्या कल्पनांची भीती वाटते. तू नवीन काही सांगायला लागलास की मी हातातलं काम टाकून ऐकते, हे तुला कळत नाही का? कोणी विचारलं की मुलगा काय करतो, तर बाबा तुझं ऑफिस सांगतात आणि मी म्हणते, त्याच्याकडे दोन चंद्र आहेत. लोक बघत राहतात.

आता एवढं कर. त्या मुलीचं ठरव. बापाचं नाव सांगते की नाही, तेवढं एक प्रकरण लिहून पाठव. भाषा कशीही चालेल, राजवंश मागेपुढे झाला तरी चालेल, भरतीचं गणित मी तपासते. वाईट झालं तरी पाठव. लाल पेन्सिल वापरणार नाही. बरं, थोडी वापरेन.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी खारट राज्य वाचलं. मला न सांगता, सगळं. त्यांचं म्हणणं, तो अधिकारी चोर नाहीच आणि मुलीने तोंड उघडायचं कारण नाही. माझं मत वेगळं आहे. जेवतानाही हेच चालू आहे, तेव्हा लवकर लिही.