रविवारची दारूबंदी बैठक, आठवण

सर्वांना सलाम. रविवारी उपासनेनंतर दारूबंदीच्या निवेदनाची बैठक आहे, मागच्या वेळेसारखं चहा पिऊन सटकू नका प्लीज. नागालँडमधे १९८९ ला बंदी आली ती चर्चच्या रेट्यामुळेच, मिझोराममधे २०१४ ला उठवली तर २०१९ मधे परत लागू झाली, आता चोरून विकतात ते वेगळं. आपल्याकडे उभी बाटली आडवी बाटली आहे, म्हणजे दारू दुकानावर मतदान, उभी म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद, पण वॉर्डाच्या यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात, म्हणजे जी घरी बसली तिचं मत आपसूक दुकानवाल्याला. झालेल्या मतदानाच्या निम्मी धरा एवढंच आमदारांकडे मागायचंय. निवेदनात बायबलची वचनं कमी लिहा, मोडलेल्या संसारांचं लिहा. सह्यांसाठी मतदार कार्डाची झेरॉक्स आणा, पेनही आपापला.