नऊ मिलिमीटरचा फरक

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. टोकियोच्या अकिहाबारातल्या प्रतिकृती-रेल्वेच्या दुकानात काचेच्या कपाटात 'किहा 52' अशी चिठ्ठी लावलेला छोटा डबा तुला दिसला, किंमत पाहून तू तो घेतला नाहीस आणि आता तोच डोळ्यांसमोरून हलत नाही, हे वाचून हसू आले. कारण या दुखण्यातून मीही गेलो आहे. ती खरोखर किहा 52 ची प्रतिकृती आहे की दुसऱ्याच डब्याची, हे तू मला विचारतोस. छायाचित्रावरून ते सांगण्याचे धाडस मी करणार नाही, मात्र पाहायचे कुठे, एवढे सांगतो.

आधी नावाचा उलगडा करतो. 'कि' हे स्वतःच्या इंजिनावर धावणाऱ्या डब्याचे जपानी अक्षर आहे आणि 'हा' हा पूर्वीचा तिसरा वर्ग. आपण क, ख, ग म्हणतो तसे जुने जपानी लोक इ, रो, हा म्हणत, त्यामुळे पहिला वर्ग 'इ', दुसरा 'रो' आणि तिसरा 'हा' ठरला. म्हणूनच 'किरो 28' म्हणजे वरच्या वर्गाचा डिझेल डबा आणि 'किहा 28' म्हणजे त्याच गाडीतला साधा डबा. हे एकदा डोक्यात बसले की खोक्यावरची जपानी लिपी निम्मी वाचता येते.

आता मुद्द्याचे. डब्याच्या अंगावर छापलेल्या क्रमांकावर मुळीच विश्वास ठेवू नकोस. तोमिक्स या प्रतिकृती-गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच संचांत डब्यावर क्रमांक नसतो; त्यासोबत एक पातळ पारदर्शक कागद येतो आणि त्यावरचे हवे ते आकडे विकत घेणाऱ्याने स्वतः घासून डब्यावर उमटवायचे असतात. असे आकड्यांचे कागद सुटेही विकत मिळतात. तेव्हा डब्यावरचा क्रमांक हा पुष्कळदा आधीच्या मालकाच्या हौसेचा पुरावा असतो, डब्याच्या जन्माचा नव्हे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पाच वर्षांपूर्वी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून मी ऐटीत आणलेला तो '52-125' तुला आठवत असेल. इसुमी रेल्वेने टोकियोजवळच्या चिबात नेऊन पुन्हा चालवला, त्याच डब्याची ही प्रतिकृती, म्हणून मी तो चौघांना दाखवलाही. पुण्यात आल्यावर एका संध्याकाळी सहज मोजपट्टी लावली आणि मन खट्टू झाले. तो सुबक आकडे चिकटवलेला साधा किहा 20 होता. दुकानदाराला तरी कसा दोष द्यावा? बहुधा त्यानेही आकडेच वाचले होते.

पट्टीने काय सांगितले ते नीट ऐक. खरा किहा 20 हा 20 मीटर लांब असून त्याला 180 अश्वशक्तीचे एकच इंजिन होते. किहा 52 चढाच्या मार्गांसाठी बांधला गेला. त्याच्या पोटाखाली तशी दोन इंजिने बसवायची असल्यामुळे तो 21.3 मीटर लांब झाला. जपानी एन गेजचे, म्हणजे 9 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या प्रतिकृतींचे, प्रमाण 1/150 आहे (शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचे मात्र 1/160), म्हणजे प्रतिकृती अनुक्रमे सुमारे 133 आणि 142 मिलिमीटर भरायला हवी. फरक जेमतेम नऊ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ त्या रुळांच्या रुंदीइतकाच; पण तो कोणालाही खरवडून वा रंगवून लपवता येत नाही. डबे एकमेकांना जोडायचे हूक लहानमोठे असतात, म्हणून एक-दोन मिलिमीटर सोडून दे. त्यानंतर डबा आडवा धरून खालचे यंत्र एकाच्या जागेचे आहे की दोनांच्या, ते पाहा.

किहा 40 या दुसऱ्या डिझेल डब्याच्या बाबतीत पट्टी उपयोगी पडत नाही, कारण ते सगळे सारख्याच लांबीचे आहेत. तिथे खिडक्या बोलतात. होक्काइदोच्या 100 क्रमांकमालिकेच्या खिडक्या थंडीमुळे लहान आणि दुहेरी काचांच्या आहेत, तर उबदार प्रदेशातल्या 2000 मालिकेच्या मोठ्या आहेत. चाकांच्या सांगाड्यातही फरक दिसतो: 100 आणि 500 या मालिकांना हवेच्या स्प्रिंगा आहेत, 2000 ला गुंडाळीच्या. लहान प्रतिकृतीतही भिंगाखाली हे ओळखू येते. होक्काइदोचा रंग आणि मोठ्या खिडक्या एकत्र दिसल्या, तर तो डबा कुणीतरी रंगवलेला आहे, असे समज.

दुर्मिळतेबद्दल तुझा उत्साह थोडा कमी करणे भाग आहे. कातो आणि तोमिक्स या दोन्ही कंपन्या आपल्या गाजलेल्या गाड्या अधूनमधून पुन्हा काढतात आणि नवी आवृत्ती आली की जुन्याचा भाव एका महिन्यात उतरतो. भाव टिकतो तो मर्यादित आवृत्तीच्या संचांचा, तेही खोके, माहितीपत्रक आणि आकड्यांचा तो कागद न वापरलेला असेल तर. फाटका कागद पाहिला की माझा हात आपोआप मागे येतो. 2005 पासून निघणाऱ्या तोमीतेक कंपनीच्या 'तेत्सुदो कलेक्शन' या प्रतिकृती-मालिकेची गंमत निराळी आहे: खोके बंद असल्यामुळे आत कोणता डबा निघेल ते कळत नाही आणि एखादा गुप्त नमुना क्वचितच हाती लागतो. तिथे दुर्मिळता खरी आहे, पण तो मला लॉटरीचा प्रकार वाटतो.

पुस्तकासारख्या उघडणाऱ्या जुन्या पेट्यांतला स्पंज मात्र काळजीपूर्वक तपास. तो वितळून रंगाला चिकटतो आणि मग डबा कितीही अस्सल असला तरी पाठीवर ओरखडे राहतात.

तेव्हा पुढच्या शनिवारी खिशात 15 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी आणि भिंग घेऊन जा, दुकानदाराला नम्रपणे विचारून डबा हातात घे आणि पोटाखालचे एक छायाचित्र मला पाठव. माझा किहा 20 अजून टेबलावरच आहे, आकडेही तसेच ठेवले आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव