दाखला मी येऊन काढतो

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा आंब्याचंच बोललो, म्हणून लिहितोय. चिऊला जूनमध्ये तुमच्याकडून आमच्याकडे डोंबिवलीला आणायचं आम्ही नक्की केलंय. प्रवेशही घेतला. (मराठी माध्यमच, बाबा. घरापासून चालत दहा मिनिटं.)

गावच्या शाळेत शिकवण्यात खोट नाही. बाई एकट्या सगळे वर्ग सांभाळतात, वर ऑनलाइन माहिती भरत बसतात, तरी पोरगी घडाघडा वाचते. पण तिसरीत ती एकटीच. परवा म्हणाली, "पहिला नंबर माझा, शेवटचा पण माझाच!" ती हसली, मला हसता आलं नाही.

पट पाचाचा चार होणार, हे तुम्ही आधी मोजाल. २०२३ ला कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं, ते समूह शाळांचं परिपत्रक निघालं त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, असं नियम सांगतो. आपली बंद पडली तर उरलेली चौघं पावसात साकव ओलांडून जाणार, हे डोक्यातून जात नाही. पण २०११ च्या जनगणनेला तुम्हीच वाडीवाडीत फिरलात ना? दहा वर्षांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ८१ हजार माणसं कमी भरली. दहावीला कोकण बोर्ड राज्यात पहिलं, २०२४ ला ९९.०१ टक्के, आणि पास झालेला जो तो मुंबईची गाडी धरतो. मीही धरली. तुम्ही शिकवलंत म्हणूनच धरता आली. टोचायला लिहीत नाही हे.

आई, तिची गोधडी दे, दुसरी चालत नाही तिला. खिडकीजवळचा पलंग तिचाच. सकाळी मऊभात मी करीन, मेतकूट तेवढं तुझं. मला ताप आला की तू पोटाशी धरून पाढे म्हणायचीस, सत्तावीसचा कायम चुकायचीस. चिऊलाही तोच चुकीचा येतो.

बाबा, बीपीची गोळी नाश्ता झाला की लगेच, आणि गडग्यावर चढायचं नाही. आई, पऱ्यावर धुणं न्यायचं बंद. मशीन शोभेला घेतलेलं नाही. गणपतीला आठ दिवस आधी येतो आम्ही. मे महिना तिचा तुमच्याकडेच.

दाखल्यासाठी मात्र बाबा, तुम्ही जाऊ नका. त्याच टेबलावर २२ वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांचे दाखले लिहिलेत. बाईंशी बोललोय, १२ जूनला येऊन मीच काढतो.

तुमचा,
बाळू